इंधनाची शेती आणि पाण्याचा हिशेब

दुचाकीत पेट्रोल भरून घेणारा शिक्षक किंवा कारकून आज पंपावर ज्या द्रवाचे पैसे मोजतो, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा जमिनीखालच्या तेलाचा नसून जमिनीवरच्या पिकाचा असतो. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला, तेव्हा ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. पुढे दहा वर्षे हा कार्यक्रम रखडतच चालला. २०१३-१४ साली देशातील मिश्रणाचे प्रमाण अवघे दीड टक्का होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर मात्र चित्र झपाट्याने पालटले. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा ओलांडला गेला. आणि वीस टक्क्यांचे जे उद्दिष्ट मूळ धोरणात २०३० सालासाठी ठेवले होते, ते २०२५ मध्येच साध्य झाल्याचे सरकारने जाहीर केले. सरकारी कार्यक्रम मुदतीआधी पुरा होण्याचे प्रसंग आपल्याकडे इतके विरळ की, या यशाचे कौतुक व्हावे हे स्वाभाविकच होय.

परंतु कौतुकाच्या या भरात एक साधा प्रश्न मागे पडला. शेतात पिकवलेले इंधन हे ‘हिरवे’ इंधन, सबब ते निसर्गाला निरुपद्रवी, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. तो हिरवेपणा कोणाच्या पाण्यावर, कोणत्या जमिनीवर आणि कोणते पीक बाजूला सारून उगवतो, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाही. किती लिटर तेल वाचले आणि किती परकीय चलन वाचले याचा जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध होतो. पाण्याचा जमाखर्च मात्र कोठेच मांडला जात नाही. महाराष्ट्रासारख्या राज्यात ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही; कारण येथे पैशाची तूट कर्जाने भरून काढता येते, पाण्याची काढता येत नाही.

लाभाची बाजू

या धोरणाच्या समर्थकांची बाजू प्रथम प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. आखातात एखादी ठिणगी पडली की तिची झळ आपल्या घरखर्चाला लागते. या परावलंबनातून थोडी जरी सुटका झाली, तरी ती मोलाची. दुसरा मुद्दा साखर कारखान्यांचा. साखरेचे उत्पादन वाढावे, भाव कोसळावेत, कारखान्यांची गोदामे भरावीत आणि शेतकऱ्यांची उसाची बिले महिनोन्‌महिने थकावीत, हे दुष्टचक्र महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो; तो कागदावर राहिला आणि शेतकरी रस्त्यावर आला, असे कितीतरी हंगाम गेले. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून वेळेवर मिळू लागल्यामुळे कारखान्यांच्या हाती रोकड खेळू लागली आणि थकबाकीचा भार हलका झाला. याचे श्रेय या धोरणाला दिलेच पाहिजे.

ज्याला या उसाबद्दल दोष दिला जातो, त्या शेतकऱ्याविषयीही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तो ऊस लावतो तो हौसेखातर नव्हे. तूर, सोयाबीन, ज्वारी, कांदा यांपैकी कोणत्या पिकाला आज असा दर आहे की, जो विकत घेणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे? वादळात आडवा झाला तरी ऊस हाताशी येतो. व्यापाऱ्याच्या दारात त्याला ताटकळावे लागत नाही. ज्या पिकामागे कायदा, कारखाना आणि पतपुरवठा हे तिघेही उभे आहेत, ते पीक माणूस लावणारच. त्याला दोष देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

एका लिटरमागे किती पाणी?

आता दुसऱ्या रकान्याकडे वळू. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, तो या कार्यक्रमाचा पुरस्कार करणाराच होता. त्याच आराखड्यात असे नमूद आहे की, एक टन उसापासून सरासरी शंभर किलो साखर किंवा सत्तर लिटर इथेनॉल मिळते. एक किलो साखरेमागे ऊस पिकविण्यास सोळाशे ते दोन हजार लिटर पाणी लागते. सबब या मार्गाने मिळणाऱ्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. ऊस आणि भात ही दोन पिके मिळून देशातील सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी पितात, हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे हे आकडे कोणा विरोधकाने आणलेले नाहीत. ते सरकारच्याच दप्तरातले आहेत.

या आकड्याचा अर्थ व्यवहाराच्या भाषेत पाहावा. चाळीस लिटरची टाकी असलेली एक मोटार ई-२० पेट्रोलने एकदा पूर्ण भरली, तर तिच्यात आठ लिटर इथेनॉल असते. ते सारे उसाच्या रसाचे असेल, तर त्यामागे जवळजवळ तेवीस हजार लिटर पाणी झाले. जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील प्रत्येक माणसामागे दररोज पंचावन्न लिटर पाण्याचे मान धरले आहे. त्या हिशेबाने एका टाकीतले पाणी एका माणसाला वर्षभर पुरून वर महिना-दीड महिना उरेल. दुसरा हिशेब लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि त्या शहराला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आणले आणि साऱ्या देशाने ते दृश्य सुन्न होऊन पाहिले. नीती आयोगाचे मान लावले, तर त्या संपूर्ण गाडीभर पाण्यात जो ऊस पिकेल, त्यापासून पावणेदोनशे लिटरही इथेनॉल होणार नाही.

यावर असे म्हटले जाईल की, पिकाच्या पाण्यात पावसाचाही वाटा असतो. तो असतो, हे मान्य. परंतु मराठवाड्यात आणि सोलापूर-अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पाऊस जेमतेम चार महिन्यांचा, तोही बेभरवशाचा. सुरू ऊस बारा महिने रानात उभा राहतो आणि आडसाली सोळा ते अठरा महिने. पावसाळा सरल्यावर त्याची तहान कालव्याने, विहिरीने किंवा दरवर्षी अधिकाधिक खोल जाणाऱ्या कूपनलिकेनेच भागवावी लागते. राज्यातील लागवडीखालच्या क्षेत्रापैकी चार-पाच टक्के जमिनीवर उभे असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा उचलते, हे आता सर्वमान्य आहे. उरलेल्या पंच्याण्णव टक्के जमिनीच्या वाट्याला पाणी किती उरते, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

येथे मळी आणि रस यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण साऱ्या वादाची मेख तेथे आहे. साखर पुरती काढून घेतल्यावर जी अखेरची मळी उरते, ती उपउत्पादन होय. तिच्यासाठी कोणी वेगळा ऊस लावत नाही, वेगळे पाणी देत नाही. तिच्यापासून इथेनॉल काढणे म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करणे. त्याला कोणाही विचारी माणसाचा आक्षेप असणार नाही. परंतु एक टन उसामागे अशा मळीतून मिळणारे इथेनॉल जेमतेम दहा-अकरा लिटर असते. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट एवढ्यावर गाठता येत नाही. म्हणून २०१८ च्या धोरणाने साखरेची प्रक्रिया अर्धवट थांबवून उरणाऱ्या, साखरयुक्त मळीपासून आणि प्रत्यक्ष रसापासूनही इथेनॉल करण्यास मुभा दिली. इथे उपउत्पादनाची सीमा ओलांडली गेली. यापुढे ऊस हाच इंधनाचा कच्चा माल ठरला.

समर्थक म्हणतात की, ही जादा साखर तशीही तयार होतच होती. ती अनुदान देऊन परदेशी पाठवण्यापेक्षा इंधनात वळविलेली काय वाईट? युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि पहिल्या एक-दोन वर्षांपुरता तो खराही आहे. परंतु अतिरिक्त उत्पादनाला एकदा हमखास गिऱ्हाईक मिळाले की ते अतिरिक्त राहत नाही. तेच नित्याचे होते. व्याजसवलतीच्या कर्जांवर देशभर आसवनी प्रकल्प उभे राहिले आणि त्यांची एकूण क्षमता वर्षाला सोळाशे कोटी लिटरांच्या वर गेली. बँकेचे हप्ते डोक्यावर असलेला प्रकल्प पावसाची वाट पाहत स्वस्थ बसत नाही. त्याला दररोज कच्चा माल लागतो. आजचा जादा ऊस वापरण्यासाठी उभारलेली यंत्रणा उद्या ऊस कमी होऊ देणार नाही, हा यातला खरा धोका आहे.

आसवनीतून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचाही उल्लेख केला पाहिजे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना सुमारे आठ ते पंधरा लिटर गर्द तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी निघते. ते नदीत सोडू नये, आटवून जाळावे किंवा खतात मिसळावे, असे नियम आहेत आणि अनेक कारखाने ते पाळतातही. तथापि मेलेल्या माशांचा खच आणि पाण्याचा उग्र दर्प पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना नवा नाही. मद्यार्काचे उत्पादन जसजसे वाढेल, तसतशी या नियमांची कसोटी लागेल.

ब्राझीलचा दाखला

आपल्याकडे इथेनॉलचा विषय निघाला की ब्राझीलचे नाव हमखास घेतले जाते. १९७३ च्या तेलसंकटाने पोळलेल्या त्या देशाने नोव्हेंबर १९७५ मध्ये मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि अर्ध्या शतकात तो नेटाने पुढे नेला. उसाच्या चोयट्या जाळून वाफ व वीज निर्माण करायची, बाहेरचे इंधन फारसे वापरायचे नाही, यामुळे तेथील इथेनॉलमागे खनिज इंधनाचा खर्च अल्प असतो. हे यश खरे आहे. पण त्याचे मूळ आपले लोक सोयीस्करपणे विसरतात. साओ पावलो प्रांतातील ऊस मुख्यत्वे पावसावर वाढतो. कालव्याच्या किंवा उपशाच्या पाण्यावर नव्हे. वरुणराजाने जे तिकडे फुकट दिले, ते आपण इकडे धरणे बांधून, लोकांना विस्थापित करून आणि बहुतांशी कोळशावर निर्माण होणाऱ्या विजेने पंप चालवून उसाला पाजतो. पीक एक, रसायन एक. पण मातीचा, आभाळाचा आणि विजेचा फरक धरला की हिशेब अगदी निराळा येतो.

त्याच ब्राझीलचा दुसरा धडाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९८० च्या दशकात तेथील बहुतेक नव्या मोटारी निव्वळ मद्यार्कावर चालत. १९८९ च्या सुमारास साखरेचे भाव चढले, कारखाने साखरेकडे वळले आणि पंपांवर मद्यार्काचा तुटवडा पडला. लोकांचा विश्वास उडाला तो पुढे चौदा वर्षांनी, दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी आल्या तेव्हाच परतला.

आपल्याकडे त्या प्रसंगाची आठवण २०२३ च्या डिसेंबरात झाली. त्या वर्षी पावसाने दगा दिला, महाराष्ट्र व कर्नाटकातील ऊस खुरटला आणि साखर कमी पडण्याची चिन्हे दिसू लागली. केंद्र सरकारने ७ डिसेंबर रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी मनाई केली. आठवडाभरात ओरड झाल्यावर ती शिथिल करून सतरा लाख टन साखरेची मर्यादा घातली. आणि पुढील ऑगस्टमध्ये नव्या हंगामासाठी निर्बंध उठवले. साखर वाचवण्याचा तो निर्णय तेव्हाच्या परिस्थितीत समजण्यासारखा होता. परंतु त्यातून जे उघड झाले, ते विसरता येणार नाही. आखातातील लहरींपासून सुटका व्हावी म्हणून जे इंधन आपण जवळ केले, ते आता मोसमी वाऱ्यांच्या लहरीवर लटकत आहे. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?

धान्याकडे मोहरा

उसाचा भरवसा नाही असे पाहून धोरणाचा मोहरा धान्याकडे वळला. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात धान्यापासून झालेल्या इथेनॉलचा वाटा उसाच्या वाट्यापेक्षा मोठा ठरला, आणि त्यात मका आघाडीवर राहिला. मक्यापासून केलेल्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे असा दर मिळू लागला. उसाच्या रसाच्या इथेनॉलचा दर ६५ रुपये ६१ पैसे होता. मक्याला उसाच्या मानाने पाणी पुष्कळ कमी लागते. यास्तव हे वळण चांगले, असे प्रथमदर्शनी वाटेल. आणि केवळ पाण्यापुरते पाहिले, तर ते खरेही आहे.

पण निसर्गाच्या वहीत एकच रकाना नसतो. मका हे नत्राचे खादाड पीक. त्याला युरिया लागतो, तो युरिया बव्हंशी आयात केलेल्या नैसर्गिक वायूपासून तयार होतो आणि शेतात टाकलेल्या नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हवा तापवण्याच्या बाबतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट प्रभावी आहे. मका जेथे सोयाबीन किंवा तुरीची जागा घेतो, तेथे जमिनीला नत्र देणारे पीक जाऊन नत्र खाणारे पीक येते. खेरीज मक्याचे इथेनॉल करताना जो चोथा उरतो, तो पशुखाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो आणि सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटते. लातूरच्या वा विदर्भाच्या बाजारात सोयाबीन हमीभावाखाली विकणाऱ्या शेतकऱ्याच्या दुखण्याचे हे एकमेव कारण नसले, तरी एक कारण निश्चितच आहे. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते, हे ध्यानी घेतले म्हणजे यातील विसंगती ठळक होते. मोटारीचे तेल वाचवण्याच्या नादात आपण फोडणीच्या तेलाचे परावलंबन तर वाढवीत नाही ना? एके काळी मका निर्यात करणाऱ्या या देशाला २०२४ मध्ये मका आयात करावा लागला, आणि कुक्कुटपालन करणाऱ्यांना खाद्याच्या भावाची झळ सोसावी लागली. या गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या, तरी एकाच सूत्रात ओवलेल्या आहेत.

तांदळाचे तर अधिकच विचित्र. २०२४-२५ साठी अन्न महामंडळाच्या कोठारांतील बावन्न लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी देण्याचे ठरले, क्विंटलला २,२५० रुपये दराने. कोठारे तुडुंब भरलेली आहेत, हे खरे. पण ती का भरली? फुकट विजेवर भूजल उपसून पंजाब-हरियाणाने भात पिकवला म्हणून. एका किलोमागे काही हजार लिटर पाणी पिणारे हे धान्य आधी उपसलेल्या पाण्यावर पिकवावे, मग सरकारी पैशाने साठवावे आणि शेवटी स्वस्तात गाळून मोटारीत ओतावे, याला काटकसर म्हणणे कठीण आहे. एका चुकीच्या धोरणाचे फळ दुसऱ्या धोरणाच्या पोटात ढकलल्याने पहिली चूक दुरुस्त होत नाही. ती कायम होते.

जगात इतरत्र याची प्रचीती आधीच आलेली आहे. अमेरिकेने २००५ व २००७ च्या कायद्यांनी जैवइंधनाची सक्ती केल्यानंतर तेथील मक्याच्या पिकाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग इंधनाकडे वळला. २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोतील गोरगरीब मक्याच्या भाकरीच्या महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्या महागाईमागे अमेरिकेतील इथेनॉलची मागणी हेही एक कारण मानले गेले. २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन महत्त्वाचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांचा मथितार्थ असा की, इंधनपिकासाठी कोठेतरी रान तोडले गेले किंवा कुरण नांगरले गेले, तर तेथील झाडांत व मातीत साठलेला कार्बन मोकळा होतो, आणि ते कर्ज फेडण्यास त्या इंधनाला अनेक दशके लागतात. इंडोनेशियातील दलदलीची जंगले साफ करून लावलेल्या ताडतेलाच्या बाबतीत ही मुदत चारशेहून अधिक वर्षांची निघाली. पुढील संशोधकांनी मक्यासंबंधीच्या आकड्यांवर वाद घातले, काहींनी ते बरेच कमी धरले. परंतु जमिनीचा हिशेब सोडून इंधनाचा हिशेब करता येत नाही, हे तत्त्व कोणीही खोडलेले नाही.

पडीक जमिनीचे स्वप्न

यावर एक तोडगा नेहमी सुचवला जातो: अन्नाच्या जमिनीला हात न लावता पडीक जमिनीवर इंधनाची झाडे लावावीत. हे स्वप्नही आपण एकदा पाहून झालो आहोत. २००३ च्या सुमारास नियोजन मंडळाच्या समितीने मोगली एरंडाचा पुरस्कार केला. खडकाळ माळावर, पाण्यावाचून, खतावाचून हे झुडूप डिझेल देईल, अशी हवा झाली. २००९ च्या धोरणाने तर २०१७ पर्यंत डिझेलमध्येही वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात काय झाले? झुडूप जगले, पण पाणी व खत दिल्यावाचून त्याला पुरेशा बिया धरल्या नाहीत. पाणी द्यायचे, तर ते अन्नपिकाला का देऊ नये, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला आणि रोपे उपटून टाकली.

या फसलेल्या प्रयोगाचा खरा बोध आणखी खोल आहे. सरकारी दप्तरात जी जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदलेली असते, ती गावाच्या लेखी क्वचितच पडीक असते. ते गायरान असते. धनगराच्या मेंढरांचा चारा, भूमिहीनाच्या चुलीचे सरपण आणि म्हाताऱ्या वैदूची औषधे तेथून येतात. माळढोकासारख्या पक्ष्याचे तर ते घरच. रिकामी जमीन, फुकटचे पाणी आणि टाकाऊ धान्य या तीन कल्पनांवर जैवइंधनाचा बराचसा आशावाद उभा आहे; आणि या तिन्ही गोष्टी प्रत्यक्षात कोणाच्या ना कोणाच्या तरी मालकीच्या वा गरजेच्या असतात.

करावे काय?

तर मग इथेनॉल बंद करावे काय? तसे म्हणणे एकांगीपणाचे होईल. आज पंपावर जे मिश्रण आहे, ते एका दिवसात माघारी घेता येणार नाही आणि घेऊही नये. परंतु वीस टक्क्यांवर थांबून, पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात, असे सुचवावेसे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, खऱ्या अर्थाने टाकाऊ असलेल्या मालाला अग्रक्रम द्यावा. अखेरची मळी, सडलेले धान्य, भाताचा पेंढा, चोयट्या यांचे इंधन करावे. पानिपत येथे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी उभारला आहे. हे तंत्र महाग आहे, अद्याप पुरते रुळलेले नाही. पण सरकारी साहाय्याची खरी गरज अशा अवघड कामालाच असते, आपोआप वाढणाऱ्या उसाला नव्हे.

दुसरी गोष्ट, परवाने खोऱ्याच्या पाण्याकडे पाहून द्यावेत. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली आपल्या अहवालात तुटीच्या खोऱ्यांतून ऊस हटवण्याची गरज स्पष्ट सांगितली होती. पाव शतक उलटले. त्या खोऱ्यांत कारखाने वाढले, आणि आता त्यांना आसवन्या जोडल्या जात आहेत. कोल्हापूरच्या नदीकाठी जे क्षम्य, ते बालाघाटाच्या डोंगरउतारावर क्षम्य नाही. साऱ्या देशाला एकच टक्केवारी लावणाऱ्या धोरणाला हा भेद दिसत नाही.

तिसरी गोष्ट, उसाला पाणी मोजून द्यावे. ऊस ठिबकवर आणण्याची सक्ती करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१७ मध्ये घेतला. तो घोषणेपुरताच राहिला. ज्या कारखान्याला इथेनॉलचा वाढीव पैसा मिळतो, त्याने आपल्या सभासदांच्या उसाला ठिबक करून देण्याची अट करारातच का घालू नये? त्याचबरोबर तूर, सोयाबीन व ज्वारी यांच्या हमीभावाला उसाच्या दरासारखे कायद्याचे बळ दिल्यावाचून शेतकरी उसापासून हलणार नाही, हेही तितकेच खरे.

चौथी गोष्ट दूरच्या दृष्टीची. पीक सूर्याच्या उष्म्यातून वर्षाकाठी जेमतेम एक टक्का ऊर्जा साठवते, आणि तीही पाणी पिऊन. सौरपत्रा पाण्यावाचून वीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जेची वीज करतो. मोटारी, बसगाड्या आणि रिक्षा विजेवर, आणि ती वीज उन्हावर, ही दिशा मान्य केली, तर इथेनॉल हे फार तर वाटेतले एक मुक्कामाचे ठिकाण ठरते. मुक्कामाच्या ठिकाणी कोणी वाडे बांधीत नाही. शिक्षकाला व कारकुनाला वेळेवर येणारी सार्वजनिक बस मिळाली, तर वाचणारे पेट्रोल हे कोणत्याही मिश्रणापेक्षा स्वच्छ असते, हे सांगण्यास तर तज्ज्ञाचीही गरज नाही.

हे सारे विचार महाराष्ट्राला नवे नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणीपंचायतीचा प्रयोग मांडला. पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर न ठरवता घरातील माणसांच्या संख्येवर ठरवावा, भूमिहीनालाही त्यात हक्क असावा आणि त्या पाण्यावर ऊस लावू नये, असे त्याचे नियम होते. त्यांनी उसाशी वैर धरले नव्हते. एका गावाच्या मर्यादित पाण्यात एकाने ऊस लावला, तर अनेकांची ज्वारी वाळते, एवढेच साधे गणित त्यांनी गावकऱ्यांसमोर मांडले आणि गावकऱ्यांनी ते स्वीकारले. निरक्षर माणसांना जे कळले, ते आकडेतज्ज्ञांनी गजबजलेल्या दिल्लीला कळू नये, असे नाही. प्रश्न एवढाच की, ज्यांची ज्वारी वाळते, ते तेथे हिशेबाच्या वेळी हजर नसतात.

म्हणून इथेनॉलच्या दरवर्षीच्या अहवालात वाचलेल्या परकीय चलनाशेजारी आणखी एक रकाना असावा, अशी मागणी करणे गैर होणार नाही: कोणत्या खोऱ्यातून किती पाणी या इंधनासाठी गेले, आणि त्या खोऱ्यातील किती गावांना त्या उन्हाळ्यात टँकर लागले. हे दोन आकडे एकाच पानावर छापले गेले, तर धोरणाचे काय करावे, हे सांगण्यासाठी अग्रलेख लिहावे लागणार नाहीत. ऊस गोड लागला म्हणून तो मुळासकट खाऊ नये, असे आपल्याकडे पूर्वीपासून सांगत आले आहेत. तो मुळासकट जाळूही नये, एवढी भर आजच्या काळाने त्यात घालावी.